जावयाच्या घरातली झोप

आये,

तुला लिहितेय हे बघून नात हसतेय. "आजी, तू तिसरी नापास ना गं?" नापास नाही, तिसरीतनं काढलेली, आणि काढलं ते तूच, धाकट्याला कोण बघणार म्हणून. असो. आज भांडायला बसले नाही, आनंदाने बसलेय. तुझा जावई काल मोरीपर्यंत स्वतःच्या पायाने गेला आणि नातीला "इकडे ये गं भवाने" असं स्वच्छ बोलला. पोरगी अशी नाचली की खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली, आणि बातमी ऐकून तीच रडायला लागली.

तुला मधलं काहीच ठाऊक नाही. गेल्या गणपतीनंतर ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, तुझी गेली होती तशीच. इस्पितळातनं घरी आणलं, मालिश झालं, एकजण कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगायला आला, त्याला मी दारातनंच परत पाठवला. पण सुधारणा म्हणून नाही. दिवसभर पेंगायचे. हातापायाचा व्यायाम घेणारी मुलगी यायची, ती 'एक, दोन' म्हणेपर्यंत ह्यांची मान छातीवर. भाताचा घास तोंडात तसाच. शेजारणी म्हणायच्या, "झोप लागतेय ना, मग झालं. झोपेतच अंग भरून येतं." रविवारी सकाळी सगळी चाळ टीव्हीपुढे हात जोडून बसायची, देव बाण सोडतोय आणि इकडे हे खर्रर्र. पोरं खिदळायची. मला हसू येत नव्हतं. हे घोरणं मी आधी ऐकलेलं होतं.

तुझी बाजू गेली तेव्हा तू कांजूरच्या ह्याच खोलीत राहायला आलीस, कारण दादाने गावी हात वर केले. माझी मुलं तेव्हा शाळेतही जात नव्हती. मुलीच्या घरचं पाणी पिताना पण तू अवघडायचीस, आणि इथे तर रोजचं खाणं, निजणं, सगळंच जावयाच्या दारात. तुझं अंथरूण आत, पाण्याचं पिंप आणि भिंत ह्यांच्या मध्ये. उताणं पडायचं, कुशीवर वळायला जागाच नाही. हे गिरणीतनं येतात, जेवतात, आडवे होतात, आणि आतनं तुझा आवाज सुरू. "इंजिन बंद कर गं तुझ्या आईचं! सकाळची पाळी आहे माझी." सकाळी तू चहा घेता घेता पेंगतेस, कप कलंडतो, आणि हे पायात चपला सरकवत म्हणतात, "रात्रभर झोपायचं, दिवसभर झोपायचं. आयतं मिळतंय, कशाला बरं व्हायचंय?" तू मान खाली घालतेस. ते गेल्यावर मला म्हणतेस, "गो चेडवा, रातभर निजलंय, पन झोप काय लागाक नाय."

तुझं लुगडं धुवायला घेतलं की पदराचं टोक रोज ओलं आणि चावलेलं. विचारलं तर म्हणालीस, आवाज जाऊ नये म्हणून तोंडात बोळा धरून निजते, जावयाला त्रास नको. मी बोळा काढायचे, तू परत धरायचीस. जिला श्वास पुरत नव्हता ती बाई तोंड पण बुजवून झोपायची. एका सकाळी चहा होऊन गेला तरी तू उठली नाहीस. हे म्हणाले, "झोपेत गेली, सुटली. भाग्यवान." आलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

तर ह्या वेळी घाटकोपरला एक नवी डॉक्टरीण भेटली, माझ्या धाकटीच्या वयाची, केस कापलेले. ह्यांचा हात बघून झाला, मग मलाच विचारते, "काकू, हे रात्री घोरता घोरता मध्येच गप्प होतात का?" म्हटलं, "होतात. मग गुदमरल्यासारखे हिसका देऊन श्वास घेतात. माझी आये अशीच करायची." ती लिहायची थांबली. म्हणाली, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदूला हवा पुरत नाही. झटका आलेल्यांत हे पुष्कळदा असतं, आम्हा डॉक्टरांनाच आत्ता आत्ता कळायला लागलंय. परदेशात नाकावर मुखवटा लावून हवा सोडायचं यंत्र निघालंय म्हणे, आपल्याकडे कुठलं मिळायला. तोवर झोपेच्या गोळ्या बंद, बाटली बंद, खाटेची उशाकडची बाजू विटांवर, आणि उताणं झोपू द्यायचं नाही. बनियनला पाठीवर खिसा शिवा, त्यात चेंडू घाला, वळले की टोचेल. विटा आणि चेंडू, आये. आणि कुशीवर वळण्यापुरती जागा.

नातीकडे चेंडू मागितला तर म्हणे, "आजोबा आउट झाले की परत देशील?" असं बोलतात का, म्हणून एक धपाटा घातला आणि मागनं तिचा मुकाच घेतला. चाळीतली माणसं ह्यांच्यासाठी विटा शोधत फिरली. एकजण तर पवईहून, नवीन बांधकामावरून घेऊन आला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुझ्यासाठी ह्या घरात कोणी पिंपसुद्धा हलवलं नव्हतं. हळूहळू ह्यांची पेंग उतरली, व्यायामाला जाग राहायला लागली, बोटं वळायला लागली. डॉक्टरीण म्हणते, सगळ्यांनाच एवढं येत नाही, हुरळून जाऊ नका. मी हुरळलेय.

आज सकाळी खाटेवर बसून चहा पाजत होते. जीभ अजून जड आहे, एकेक शब्द ओढून आणतात. म्हणाले, "तुझ्या आयेला... पण... हेच होतं काय गं?" डोळे भरले होते. पुढे काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलत होते. मी बशी तोंडाला लावली. म्हटलं, "चहा घ्या, निवतोय."

हे पत्र टाकू कुठे? गावच्या पत्त्यावर टाकलं तर वहिनी अख्ख्या वाडीला वाचून दाखवेल. राहू दे माझ्याजवळच. तुला मात्र एक सांगते. चहा निवत नव्हता, चांगली वाफ येत होती. मी त्यांना माफी मागू दिली नाही. मागितली असती तर मला द्यावी लागली असती.