कूलर आणि नखाएवढी विमानं

रविवार, संध्याकाळ

हिंगण्याच्या ड्युटीला सुट्टी, म्हणून विमानवाहू जहाजाचं मॉडेल घेऊन बसलो. नखाएवढी विमानं डेकवर चिकटवायची राहिली होती. कूलरच्या हवेनं गोंद वाळायच्या आतच ती घसरायची. मी कूलरला शिव्या घालत होतो. दुपारनंतर मात्र एकही हललं नाही. वाटलं, हात बसला आपला! बायकोला दाखवायला मान वर केली, तर शोभा घामानं निथळत, पेपरनं वारा घेत बसलेली. कूलर बंद.

"काहून बंद केला वं?"

"तुमचे विमानं उडून राहिले होते ना."

इतका वेळ मला उकडलं कसं नाही? उठून कूलर सुरू केला. शेवटचं विमान उडून फरशीवर गेलं. शोभा ते शोधायला वाकली.

म्हटलं, "राहू दे वं. बस, हवा घे."