हिरामावशी, आज दुकानात अंगठा लागला

प्रिय हिरामावशी,

आज आपल्या वाडीच्या रेशन दुकानात, ओट्यावर बसल्याबसल्या पारूवहिनींचा अंगठा लागला. मशीनमधून पावती सरसर बाहेर आली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या हातात नारळ ठेवला. "बाई, तुमीच फोडा." मला फोडता आला नाही. डोकं दुखतंय असं सांगून मी शाळेत आले, दार लोटलं आणि लिहायला बसले.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायचे आणि तुम्ही भाजी निवडत ऐकायचात. तरी लिहिते आहे, कारण जे सांगायचंय ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

मी भोरहून या शाळेवर आले तेव्हा मला ओढ्यातून नीट चालताही येत नव्हतं. तुम्ही खिचडीचं पातेलं उतरवून बघत होतात. "बाई, ह्या चपला हितं पंधरा दीस टिकायच्या न्हाईत," म्हणालात, आणि टिकल्या नाहीतच! पहिल्या पावसाळ्यात मी तापाने पडले तेव्हा तुम्ही रोज पेज घेऊन आलात. माझ्या आईला कळवायचं होतं, पण वाडीत फोन लागतो कुठे?

रेंजची ती जागा मीच शोधली, मावशी. शाळा बंद होत्या त्या काळात मोबाईल हातात धरून मी डोंगर पालथा घातला आणि वर पठाराच्या टोकाला एका खडकावर दोन काड्या दिसल्या. मुलांना तिथे नेऊन शिकवलं. लोक त्याला 'बाईंचा खडक' म्हणू लागले. केवढा अभिमान होता मला त्याचा! पुढे शाळा सुरू झाल्या, रोज किती मुलं जेवली ते मोबाईलवरून कळवायचं ठरलं, म्हणून मी रोज शाळा सुटली की वर चढायचे.

मग दुकानात ते नवीन मशीन आलं. रेंज असल्याशिवाय अंगठा घेईना. दुकानदार शाळेत आले. "बाई, तुमची रेंजची जागा दावता का?" मी उत्साहाने त्यांना वर घेऊन गेले. त्या महिन्यापासून अख्खी वाडी अंगठा द्यायला डोंगर चढू लागली आणि खाली येऊन धान्य घेऊ लागली. म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळी. मशीन वर नेलं ते मी, मावशी. तुम्हाला हे ठाऊक होतं का? ठाऊक असूनच कधी बोलला नाहीत?

तुमचा अंगठा राखेने भांडी घासून घासून गुळगुळीत झालेला. एकदा चढून भागायचं नाही तुमचं. "ह्या मशीनला म्या वळखूच येत न्हाई, बाई. मेली म्हणून लिवलंय का काय माझं नाव?" असं म्हणून तुम्ही हसायचात. मीही हसायचे.

आता त्या सकाळबद्दल.

श्रावण होता. धुकं इतकं, की अंगणातून हातपंप दिसत नव्हता. आदल्या दिवशी तुम्ही चढून गेला होतात आणि अंगठा लागला नव्हता. तुम्ही तांदूळ धुता धुता म्हणालात, "बाई, आज नगं जाऊ का? गुडघा लई दुखतोय."

मी हजेरी घेत होते. मान वरसुद्धा केली नाही. "मावशी, आज महिन्याची शेवटची तारीख आहे. नाही गेलात तर या महिन्याचं धान्य बुडेल. जा तुम्ही, खिचडीचं मी बघते."

तुम्ही हात पुसले, डोक्यावर घोंगडी घेतली आणि निघालात. तुम्ही माझं ऐकायचात. शिकलेली बाई सांगतेय म्हणजे बरोबरच असणार, असं तुम्हाला वाटायचं ना?

मुलं जेवून उठली तरी तुम्ही आला नाहीत. मग पारूवहिनी धावत आल्या. "बाई, हिराकाकी खालच्या घळीत पडली!"

अंगठा देऊन उतरताना शेवाळावरून तुमचा पाय गेला होता. अंगठा लागला होता त्या दिवशी. पावती तुमच्या चोळीत होती.

दुकानदारांनी वरूनच रुग्णवाहिकेला फोन केला. तुम्हाला घोंगडीच्या झोळीत घालून आम्ही रस्त्यापर्यंत आणलं आणि थांबलो. गाडी आलीच नाही. मागून कळलं, ड्रायव्हर फाटा चुकून दुसऱ्याच खोऱ्यात गेला होता, रस्ता विचारायला पुन्हा पुन्हा फोन करत होता, पण वर खडकावर तो उचलायला कुणी नव्हतं. सगळे खाली तुमच्यापाशी होतो! शेवटी भाताची रोपं वाहणारा एक टेम्पो अडवला. माझ्या मांडीवर तुमचं डोकं होतं. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "बाई, गॅस बंद केला का?" मी हो म्हटलं. वेल्ह्याचा दवाखाना यायच्या आतच तुम्ही गेलात.

पंचनाम्यात लिहिलं, 'पाय घसरून अपघाती मृत्यू.' मी म्हटलं, ती अंगठा द्यायला गेली होती, तेही लिहा. "त्याची काय गरज हाय, बाई?" एवढंच उत्तर मिळालं.

तिथून माझ्या अर्जांना सुरुवात झाली: वाडीत नेटवर्क नाही, अंगठा खाली दुकानातच घेण्याची सोय करा. शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडायची आणि या कचेरीतून त्या कचेरीत जायचं. एका साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "मॅडम, नेटवर्क नाही कसं म्हणता? तुमच्याच शाळेची माहिती रोज वेळेवर येते. हे बघा ना!"

मावशी, मी रोज डोंगर चढत होते, म्हणून कागदावर आपल्या वाडीत नेटवर्क होतं! माझा कामसूपणाच तुमच्या विरोधात पुरावा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी चढायची थांबले. नोटीस आली. 'शाळेत रेंज नाही' असं एका ओळीत उत्तर लिहून मी टपालाने पाठवलं. मग ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हटलं, आपण कुणीच वर जायचं नाही. एक म्हातारा चिडला. "बाईंचं काय जातंय? त्यांच्या घरात चूल पेटंल. आमी काय खायाचं?" त्यांचं खोटं नव्हतं. तेव्हा पारूवहिनी उठल्या. "हिराकाकीला झोळीत म्या उचललीय. म्या न्हाई चढनार. नाचणी खाऊन राहू, पर वर जायाचं न्हाई."

त्या महिन्यात वाडीत धान्य आलं नाही. पोरं शाळेत खिचडी दोनदा मागून घ्यायची. मी वाढायचे आणि मनात म्हणायचे, पुन्हा मीच सांगितलं आणि पुन्हा यांनी माझं ऐकलं.

शेवटी कचेरीतून माणसं आली. दुकानात मशीन लावून बघितलं, चाललं नाही, तसं लिहून सह्या केल्या आणि रेंज येईपर्यंत वहीवर धान्य द्यायला सांगितलं. इंटरनेटची केबल खालच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत कधीचीच आलेली होती, कुलपातल्या पेटीत पडून होती. ती सुरू करून घ्यायला अख्खा उन्हाळा गेला. भोरचे एक निवृत्त लाइनमनकाका आले. तिकडे ग्रामपंचायतीवर एक खांब, इकडे वाडीत एक खांब, दोन्हींवर समोरासमोर अँटेनाच्या छत्र्या. सिमेंटची पोती बायकांनी डोक्यावरून आणली. कुणी म्हणालं, वायफायला पासवर्ड ठेवू, ज्यांनी काम केलं त्यांनाच देऊ. मी म्हटलं, मग मी आत्ता खांब उपटते. पासवर्ड ठेवला नाही.

पण मावशी, धनगरवाडा डोंगराच्या सोंडेपलीकडे आहे. तिथे काहीच पोहोचत नाही. तिथली म्हातारी माणसं पुढच्या महिन्यातही अंगठा द्यायला डोंगर उतरून येणार. मग टाळ्या कसल्या वाजवायच्या?

गेल्या आठवड्यात तुमची संगीता भाटघरहून आली होती. माझ्या पाया पडायला वाकली. "बाई, माझ्या आईसाठी तुमी लई केलं. सख्ख्या लेकीनं केलं नसतं एवढं." मी तिला उठवलं, चहा दिला. तुम्ही त्या सकाळी जायला नको म्हणाला होतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी साखर अजून हवी का, ते विचारलं.

लोक म्हणतात, बाईंना समाजाची तळमळ आहे. तळमळ कसली! तुम्ही विचारलंत तेव्हा मी मान वर केली नव्हती, एवढंच आहे ते.

यंदा बदलीचा अर्ज भरायचा होता. मी भरला नाही. सोंडेवर तिसरा खांब उभा राहीपर्यंत इथेच राहणार आहे. पण तुम्हाला वचन द्यायचंय ते वेगळंच. या रविवारी मी भाटघरला जाणार आहे. संगीताच्या समोर बसून तिला सांगणार आहे की तुझी आई जायला तयार नव्हती, तिला मी पाठवलं. मग ती मला घरात ठेवो, नाहीतर दाराबाहेर काढो. यावेळी मान खाली घालून बोलणार नाही.

तुम्ही जिचं ऐकलंत ती,
सुनंदाबाई