रस्त्यापलीकडच्या अकरा रात्री

ब्रिस्बेन,
४ सप्टेंबर १९६७

प्रिय क्लेम,

तुझा गुडघा आणि नोराचा खोकला, दोन्ही आता बरे असतील. इथे पश्चिमेचा कोरडा वारा सुटला आहे. शाळेत पोरी दिवसभर डोळे चोळत असतात. माझी तब्येत उत्तम आहे.

हे पत्र लिहायला मला क्लबच्या बत्तीसच्या हंगामावरच्या तुझ्या पुस्तिकेच्या बाविसाव्या पानाने भाग पाडलं. आधी फोन केला होता, तो आठवत असेल.

"अ‍ॅडी, पस्तीस वर्षं झाली. कोण वाचतंय ते?" तू म्हणालास.

"मी वाचलं."

"तू काय, तू औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीतसुद्धा चुका काढतेस."

मी फोन ठेवला. म्हणून आता लेखी. या पत्राची प्रत मी ठेवते आहे, त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहिते.

तू छापलं आहेस ते असं: "अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी आमचा फुलबॅक पर्सी टॉलहर्स्ट क्लबच्या नकळत मिल हिलच्या हद्दीत राहत असल्याचं उघडकीस आलं. खुलाशाची संधी देऊनही तो गप्प राहिला. त्याच्या अप्रामाणिकपणाचा डाग टॅनर्स बेंडने आपल्या ऐतिहासिक हंगामाला लागू दिला नाही." आणि समोरच्या पानावर त्याच्या जागी खेळून विजयी गोल मारणाऱ्या क्लेम क्विल्टीचा फोटो.

'क्लबच्या नकळत' हे दोन शब्द लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही?

त्या काळचा नियम असा होता की ज्या भागाच्या क्लबकडून रग्बी लीग खेळायची, त्याच भागात खेळाडूने राहायचं. राहायचं म्हणजे रात्री झोपायचं. हद्द आपल्या डनमोर स्ट्रीटच्या मधोमध जात होती. आपलं घर टॅनर्स बेंडमध्ये, समोरच्या मिसेस ऑटवेंचं मिल हिलमध्ये. टॉलहर्स्ट, म्हणजे टॉली, दोन वर्षं आपल्या बाजूच्या व्हरांड्यात भाड्याने राहत होता. दर मार्चमध्ये आई क्लबला तसं सही करून देत असे.

बत्तीसच्या ऑगस्टमध्ये घरात एक अडचण आली आणि आईने त्याला सांगितलं, "पर्सी, थोडे दिवस समोर झोप. बाई एकटीच आहे, तिची हरकत नाही." रात्री त्याची गादी रस्ता ओलांडून गेली. एक टोक टॉलीने धरलं होतं, दुसरं त्याच क्लबच्या संघातल्या तू. मी खिडकीतून पाहिलं. तू त्याला म्हणत होतास, "जपून रे, आपण परदेशात चाललोय."

अकरा रात्री. तेवढ्यात एकच सामना झाला. बाराव्या दिवशी सकाळी तो गळ्यात टॉवेल टाकून ऑटवेंच्या फाटकातून बाहेर पडताना मिल हिलच्या कुणीतरी पाहिला आणि तक्रार गेली. चौकशीत त्याला स्पष्ट सांगण्यात आलं की क्लबला माहीत असेल तर त्या सामन्याचे गुण जातील. म्हणजे अपराजित हंगाम गेला. एकट्याने लबाडी केली असेल तर शिक्षा एकट्याला. टॉलीने एकट्याने केल्याची सही दिली. त्याला दोन वर्षांची बंदी झाली आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. तू त्या खोलीत, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होतास.

गेल्या रविवारी मी गाडीने इप्सविचला टॉलीकडे गेले. रेल्वेच्या कारखान्यात तो अजून फोरमन आहे, बायको वारली, मुलगी जवळच राहते. तुझी पुस्तिका त्याने आधीच पाहिली होती. कारखान्यातल्या एका पोराने आणून दाखवली आणि विचारलं, "टॉली, हे लबाड टॉलहर्स्ट तुमचे कोण?"

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"लांबचा नातेवाईक आहे म्हटलं. आमच्यात फारसं येणं-जाणं नाही."

मला हसू आलं नाही. त्याने चहा ओतला, कप माझ्या पुढ्यात ठेवला आणि माझ्या बोटांकडे पाहत म्हणाला, "हात कसे आहेत आता?"

क्लेम, 'घरात एक अडचण आली' असं मी वर लिहिलं आहे. पस्तीस वर्षं मी हे असंच म्हणत आले. अडचण मी होते. मला स्कार्लेट फीव्हर झाला होता, तो अंगाची सालं काढणारा सांसर्गिक ताप. आजार कळवला असता तर फाटकावर सरकारी पाटी लागली असती आणि सहा आठवडे घर बंद झालं असतं. सगळ्या संघाच्या जर्सी आई धुवायची, त्या आपल्या अंगणातल्या तांब्याच्या हंड्यात उकळत होत्या. आरोग्य खात्याने त्या जाळल्या असत्या आणि पंधरा खेळाडूंना घरी बसवलं असतं. अंतिम सामना तुम्ही खेळलाच नसता. आणि त्या सामन्यानंतरच्या सोमवारी माझी ट्रेनिंग कॉलेजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा होती.

ती परीक्षा मी हातमोजे घालून दिली. बोटांची सालं निघत होती. पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलं, तर मी म्हणाले, थंडी वाजते. माझ्या दोन्ही बाजूंना मुली बसल्या होत्या. त्यांना काही झालं का, हे मी कधी विचारलं नाही.

टॉलीला हे सगळं माहीत होतं. खुलासा करायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. तो गप्प राहिला म्हणून तुम्हाला चषक मिळाला, तुला फोटो मिळाला आणि मला कॉलेज मिळालं. नऊ वर्षांपूर्वी परीक्षेत खोटं बोलली म्हणून मी, मुख्याध्यापिका म्हणून, एका मुलीला शाळेतून काढलं. तिच्या आईने माझ्या खोलीत अर्धा तास विनवण्या केल्या. मी घड्याळ पाहत होते.

मी टॉलीला विचारलं, "तू मला कधी एक ओळ तरी का लिहिली नाहीस?"

"काय लिहायचं? तू शिक्षिका झालीस, पेपरात वाचलं. म्हटलं, बरं झालं, रस्ता ओलांडल्याचं चीज झालं." मग म्हणाला, "पण लबाड छापायला नको होतं, अ‍ॅडेला. माझा नातू वाचायला लागलाय."

एवढीच तक्रार त्याने केली.

तुझी परवानगी मी मागत नाही. आज शाळा सुटल्यावर हे सगळं लिहिलेलं निवेदन घेऊन मी क्लबच्या कार्यालयात गेले. तिथला नवा सेक्रेटरी, कॉलिन मॅकआर्डल, भला माणूस वाटला. वाचून म्हणाला, "मिस क्विल्टी, हे बाहेर आलं तर तुमच्या शाळेत..." मी म्हटलं, शाळेच्या मंडळाला याच मजकुराचं पत्र सकाळीच टाकलं आहे. तो म्हणाला, सोळा तारखेला त्या विजयासाठी क्लबचं जेवण आहे, त्याआधी बाविसावं पान नव्याने छापतो, पण गादीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं तिथे नाव घालायचं का, हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं, ते माझा भाऊ स्वतः येऊन सांगेल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तो तुझी वाट पाहील. मीही.

तुझी बहीण, अजून तरी,
अ‍ॅडेला

आज दुपारी सव्वाचार वाजता टॅनर्स बेंड क्लबच्या कार्यालयात दिलं, त्याची पोच:
माझं सही केलेलं निवेदन, दोन पानं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेतल्या माझ्या बैठक क्रमांकासह.
सोळा तारखेच्या जेवणाचं माझ्या नावचं निमंत्रण. माझं नाव खोडून त्यावर 'पर्सी टॉलहर्स्ट आणि नातू' असं लिहिलेलं.
दोन्ही मिळालं. कॉ. मॅकआर्डल.