एक जूनची चौथी पिढी

प्रथम दुरुस्ती. दिनांक ३ जानेवारी २००१ रोजी लिहिलेल्या माझ्या मृत्युपत्रात दुसऱ्याच ओळीत "माझा जन्म १ जून १९७७ रोजी झाला" असे विधान आहे. ते चुकीचे आहे. चूक माझी नाही, पण सही माझी आहे, म्हणून मीच दुरुस्त करते.

मी, बुशरा नूरमहंमद मुलाणी, वय अंदाजे चोवीस, व्यवसाय शिक्षणसेविका, राहणार दौंड, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कसलीही नशा न करता (चहा दोन कप) हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात एकमत नाही, परंतु अद्याप मतदान घेतलेले नाही. या लेखाने आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

आधीच्या मृत्युपत्रात मुख्य कलम असे होते की, तिसरे महायुद्ध टळावे म्हणून मी आजन्म अविवाहित राहीन. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

माझे आजोबा चांदभाई, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते दौंड स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. चौथीपर्यंत मला त्यांनीच घरी शिकवले. गणित रेल्वेच्या टाइमटेबलावर आणि इतिहास स्वतःच्या सिद्धांतावर. सिद्धांत असा: पहिली पिढी युद्ध बघते, दुसरी ऐकते, तिसरी कंटाळते, चौथी करते. दादांनी दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या गाड्यांना हिरवी झेंडी दाखवली, म्हणजे बघितले. अब्बांनी त्या गोष्टी ऐकल्या. मी त्या ऐकताना झोपले. हे मी कबूल करते आणि याबद्दल अजूनही मला वाईट वाटते. उरले माझे मूल.

यात पुरावा होता. दादांच्या सर्व्हिस बुकात जन्मतारीख १ जून १९२१. अब्बांच्या दाखल्यावर १ जून १९४९. माझ्या दाखल्यावर १ जून १९७७. बरोबर अठ्ठावीस वर्षांची पिढी, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. वाढदिवस करण्याची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे कोणी शंका काढली नाही. हिशोबाने १ जून २००५ रोजी मला मूल होणार आणि ते जगाला आग लावणार.

शिरूरचे रिजवान रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला आहेत. त्यांनी तीन वर्षांत तीनदा मागणी घातली. तिसऱ्यांदा मी त्यांना हिशोब कागदावर दाखवला. त्यांनी तारखांवरून बोट फिरवले.

"मंग पोर दोन जूनला होऊ दे की. मी शिफ्ट बदलून घेतो."

मी म्हणाले, हा चेष्टेचा विषय नाही.

"चेष्टा न्हाई. पोरगं माझ्यावर गेलं तर? मी सुपरवायझरला उलट बोलत न्हाई, जगाला कुठं बोलू?"

आता त्यांच्या आईने दुसरी मुलगी पाहिली आहे आणि मे महिना संपेपर्यंत माझा होकार किंवा नकार मागितला आहे. मला नकार द्यायचा नव्हता. मला युद्धही नको होते.

परवा शाळेत पटनोंदणी होती. आमची शाळा कुरकुंभच्या अलीकडे एका वस्तीवर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या सिंधूबाई आपल्या मुलीला, नकुशीला, घेऊन आल्या. रजिस्टर माझ्यापुढे होते. हेडमास्तर सोपानराव गुरुजी शेजारी बसले होते.

"जन्म कधीचा?" मी विचारले.

"ऊस तुटून गेला व्हता तवाचा."

"महिना कोणता?"

"थंडी व्हती बाई. म्या दोन गोधड्या घेतल्या व्हत्या."

गुरुजी म्हणाले, "लिहा एक जून."

"गुरुजी, थंडी होती म्हणतात त्या."

"सरकारी थंडी जूनमधीच पडती, बाई. शाळा जूनला उघडती, वय पुरं भराया पायजे. लिहा."

मी मागची पाने उलटली. त्रेचाळीस मुले, त्यांतली एकेचाळीस एक जूनची. क्षणभर मला वाटले, चौथ्या पिढीची फौजच भरती झाली आहे. मग मी गुरुजींना विचारले, तुमची जन्मतारीख कोणती? ते म्हणाले, "एक जून. आन् तुमची पण मीच लावली. तुमचे दादा पाचवीला घालाया आले, म्हणाले, पोरीला पाढे तीसपर्यंत येतात. मी म्हणलं, जन्म? ते म्हणाले, ते काय पाठ न्हाई."

घरी येऊन मी हे सांगितले. दादा चिडले. "सर्व्हिस बुक खोटं बोलत न्हाई!"

माझी आजी जन्नतबी, म्हणजे आमची दादी, कोथिंबीर निवडत होती. "तुमच्या भरतीच्या साहेबानं जन्म इचारला, तवा तुम्ही म्हणाला आंब्याच्या दिसात. त्यानं लिवला एक जून. आन् नूरला शाळेत दोन वर्सं लहान लावला. ही पोरगी तर भर थंडीतली. त्या दिशी मेल चार तास लेट व्हती, म्हणून तुम्ही घरी नव्हता. लेटचं ध्यानात हाय तुमच्या, पोरीचं न्हाई."

दादांनी खडू घेऊन भिंतीवर नवा हिशोब मांडला. एका पद्धतीने युद्ध १९९४ सालीच होऊन गेले होते, दुसऱ्या पद्धतीने ते २०६१ साली येत होते. मी विचारले, होऊन गेले असेल तर आपल्याला कळले कसे नाही? अब्बा म्हणाले, "लाईट गेली असंल."

दादा खडू ठेवून म्हणाले, "गाडी लेट हाय. लेट म्हंजी रद्द न्हवं."

तेव्हा दादी बोलली, आणि तिचे म्हणणे मी पुरावा म्हणून जसेच्या तसे नोंदवते: "म्या बकऱ्यांच्या चौदा पिढ्या बघितल्या. त्यांना तर शिंगं हायत. एकीनं युद्ध केलं का? आन् तुझ्या पोरानं करायचं म्हणलंच, तर त्याला आधी माझ्या हातचा मार खावा लागंल. जा, त्या शिरूरवाल्याला हो म्हण."

सबब, अविवाहित राहण्याचे कलम मी मागे घेते. लग्न ठरत असताना मृत्युपत्र कशाला, असे माझा धाकटा भाऊ सैफ विचारतो. त्याने दादांचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

आता मालमत्ता. आमच्या धर्माच्या नियमाप्रमाणे मला फक्त एक तृतीयांशाची विल्हेवाट लावता येते. माझ्या तीन बकऱ्या आहेत, म्हणजे एक. काळी ही बकरी नकुशीला द्यावी. चंद्री गाभण आहे, तिचे पोट कोणत्या हिश्शात मोजावे हे मला कळलेले नाही, जाणकारांनी ठरवावे.

युद्धासाठी साठवलेले अर्धे पोते मीठ, अकरा साबण आणि काडेपेट्यांचा बॉक्स लग्नाच्या स्वयंपाकात वापरून टाकावा. साबण वगळून.

एकाहत्तर साली दादांनी अंगणात खणलेला खंदक त्यांचाच आहे, पण त्यात सध्या कोंबड्या राहतात. मांडवाचा एक खांब नेमका तिथे येतो. सैफने खंदक बुजवावा. माझ्या बॅटरीतले सेल रेडिओत घातल्याबद्दल त्याला एवढी शिक्षा पुरे, बाकी माफ.

चुलतबहीण रुबीने "तिसरं महायुद्ध कधी काढतेस?" असे तीन लग्नांत चारचौघांत विचारले. तिला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. जेवायला मात्र यावे.

दादांनी मला दिलेल्या दोन झेंड्यांपैकी हिरवी सैफने ठेवावी. लाल झेंडी माझ्या होणाऱ्या अपत्याला द्यावी. फक्त लालच.

नकुशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून दिले आहे: "खरा जन्म: थंडीत, ऊस तुटल्यावर, दोन गोधड्यांत." हे कोणी खोडू नये.

लग्नाचा दिवस दादांनाच विचारला. त्यांनी त्यांना ठाऊक असलेली एकमेव तारीख सांगितली. मी आधी घाबरले, मग हो म्हणाले. आमच्या घरात त्या तारखेला आजवर कोणीही जन्मलेले नाही, एकदा तरी तिथे काहीतरी खरे घडू दे. रिजवान यांना शिफ्ट बदलण्याचा निरोप सकाळीच गेला आहे.

साक्षीदार:
१. जन्नतबी चांदभाई मुलाणी (डाव्या हाताचा अंगठा; कोथिंबिरीमुळे हिरवा उमटला आहे. साक्षीदार असल्यामुळे तिला काही दिलेले नाही, चंद्रीचे दूध ती तशीही घेतेच.)
२. सोपानराव गुरुजी (सही. जन्मतारखेचा रकाना मी कोरा ठेवला आहे.)

लिहून देणार: बुशरा नूरमहंमद मुलाणी
स्थळ: दौंड
लिहिले: रविवार, २० मे २००१
"कबूल" म्हणण्याचा दिवस, जुम्म्याच्या नमाजानंतर: शुक्रवार, १ जून २००१