हिरव्या दिव्याचे ठोके

१८ मे, रविवार

पत्रा मी कापला. भोकं मी पाडली, कानस मारून कडा गुळगुळीत केल्या. बोर्डावरचे डाखाचे एकशे बारा जोड माझ्या हातचे. कर्नेल — पेटीतल्या संगणकाचा गाभा — तोही घरीच बांधला, आणि पेटीवरच्या तिन्ही दिव्यांची नोंद त्यात स्वतः लिहिली. लाल : हीटर चालू. पिवळा : बॅटरीवर. हिरवा : ‘हार्टबीट’. दोन ठोके, जरा थांबा, दोन ठोके. बारावी नापास माणसाने केलंय हे!

आज राहात्याला सूर्यभानरावांच्या हॅचरीत पेटी बसवली. अंडी उबवायच्या यंत्राची उष्णता आता तीच सांभाळणार. जुना धोक्याचा भोंगा उतरवला — भिंत कशी स्वच्छ दिसते! चांगुणाबाई तिथे देखरेखीला असते. तिला बजावलं, “हिरवा ठोके देतोय तोवर काळजी नाही.”

२१ मे, बुधवार

दुपारी नागापूरला वर्कशॉपमध्ये होतो. हातात काम, त्यात चांगुणाबाईचा फोन.

“बिभीषणभाऊ, आकडा साडेसदतीसच हाय, पन हिरवा दिवा लई पळतोय. धाप लागल्यागत.”

“हिरवाच आहे ना?”

“व्हय.”

“मग पळू दे की!”

वर हसलोही.

२२ मे

चोवीसशे अंडी गेली. बाहेर यायला तीनच दिवस राहिले होते, पिल्लं आतच उकडली. काल संध्याकाळी सूर्यभानरावांनी दार उघडलं तर वाफ तोंडावर आली म्हणे. पेटीच्या पडद्यावर तेव्हाही साडेसदतीस अंश.

२३ मे

सूर्यभानरावांचा फोन. “बाई म्हनते, तुमाला फोन केल्ता. केल्ता का?”

मी म्हणालो, “दिवसभरात किती फोन येतात, राव.”

“झोपली असंल तिथंच. दार उघडं ठिवलं, का काय केलं, द्येव जाणे. बंद केली तिला कामावरनं.”

“बरं,” म्हणून फोन ठेवला. खोटं नाही बोललो. खरंही नाही.

२५ मे, रविवार

टेबलावर दुसरी पेटी घेतली आणि प्रोग्राम मुद्दाम अडकवला. आकडा गोठला. हीटर चालूच राहिला. आणि हिरवा? विझायचं नाव नाही! ‘हार्टबीट’ एवढंच सांगतो की गाभा जिवंत आहे. उष्णतेवर कुणाचं लक्ष आहे का, हे त्याच्या गावीही नसतं. उलट अडकलेला प्रोग्राम प्रोसेसरला दमवतो, तसे ठोके वाढतात. घड्याळ लावून मोजले. एरवी मिनिटाला अठ्ठेचाळीस जोडठोके. अडकल्यावर सत्तर.

म्हणजे बाईला दिसलं ते खरं होतं. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पानावर खूणही केलेली. तिने न वाचता ओळखलं.

शुभांगी दारातून म्हणाली, “जेवायला या, नाहीतर त्या दिव्यालाच नैवेद्य दाखवते!” बायकोला तरी काय सांगू?

२६ मे

राहात्याच्या एसटीत बसलो. राहुरीला उतरून परत आलो.

२९ मे, गुरुवार

आज गेलो. सूर्यभानरावांना म्हटलं, चांगुणाबाईलाही बोलवा. ती आली, दाराशीच उभी राहिली. सगळं सांगितलं — फोन आला होता, मी उडवून लावला, दिव्याची नोंद मी चुकीची केली. नवी नोंद दाखवली : प्रोग्रामने उष्णता वाचली की एकदाच लुकलुक. वाचन थांबलं की दिवा विझणार.

“म्हंजी बाई खरं बोलत हुती अन् तुमचा दिवा खोटं!” सूर्यभानराव. मग तिच्याकडे न बघता, “उद्यापास्नं ये.” आणि मला, “येक सांगा, फोन सोडला तर आपल्याला आधी कळायला दुसरा काही मार्ग हुता का?”

“नव्हता,” मी म्हणालो.

चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला. “च्या घ्या, भाऊ,” म्हणाली.

१ जून, रविवार

अठरा तारखेला लिहायचं राहिलं — राहिलं नाही, टाळलं. जुना भोंगा वेगळ्या तापमापकावर चालायचा. माझी पेटी मेली असती तरी उष्णता वाढताच वाजला असता. त्या दिवशी निघताना चांगुणाबाई फाटकापर्यंत मागे आली होती. “मालकाला सांगू नका. तेवढा भोंगा परत जोडून द्या, मला त्याची सवय हाय. मजुरी मी देते.” पदराची गाठ सोडून नोटा पुढे केल्या. “माझ्या पेटीला भोंगा शोभत नाही, बाई,” म्हणालो आणि गाडीला किक मारली.

दोनशे रुपये.