बाबांच्या जुन्या कंपनीचं जहाज

बाबा,

दुपारी ट्रॅव्हल एजंटचा फोन आला. "मॅडम, वडिलांनी क्रूझची कंपनी बदललीय. तुम्हाला चालेल ना?" तेव्हा चालेल म्हणून फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि माझं नाव काढायला सांगितलं.

आपण दोघांनी बसून ते छोटं जहाज निवडलं होतं. तुम्ही मान डोलावलीत आणि माझी पाठ वळताच तुमच्या जुन्या कंपनीचं पक्कं करून आलात. जिथे जन्मभर ताटं उचलली, तिथे आता पाहुणा म्हणून बसायचं, लेकीला मिरवायचं, हे मला कळतं हो. पण आई हॉस्पिटलात होती, तेव्हा तुम्ही याच कंपनीच्या जहाजावर होतात. "पुढच्या बंदरावर उतरतो," म्हणालात आणि करार पुरा करूनच घरी आलात. तोवर आई जाऊन महिना उलटला होता. आता तिथल्याच डेकवर उभी राहून मी तुमच्यासोबत हसरे फोटो काढू?

मी मावशीकडे जातेय. सूप फ्रिजमध्ये आहे, नुसतं गरम करा. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. गिझर आठवणीने बंद करा. इतक्यात फोन नको, रागाच्या भरात काहीतरी बोलून बसेन.

तुमचं तिकीट मात्र रद्द करू नका, खुशाल जा. माझ्याशिवाय जहाजावर राहायची तुम्हाला सवय आहेच.