पॅटर्नवाल्याची पट्टी

नाना, परवा मी नगरला जाऊन एक पोलादी पट्टी विकत घेतली. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर मात्र अजून नगरच ओरडतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यात पुन्हा लाकूडकामाचं खूळ शिरलं आहे. घरातले हसतात, हसू देत. मी मोबाईलवर लाकूडकामाचे व्हिडिओ बघत बसते, आणि त्यातला प्रत्येक जण घसा कोरडा करून एकच सांगतो, की बाकी हत्यारं नंतर घ्या, मोजायची आणि आखायची आधी घ्या, आणि चांगली घ्या. मला ते लगेच पटलं, कारण माझा हात चुकतो हे मला बारावीच्या सुट्टीपासून ठाऊक होतं. तुम्हीच सांगितलं होतंत. म्हटलं, हात चुकतो तर चुकू दे, निदान हत्यारं अशी घेऊ की त्यांच्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही. एक पट्टी, काटकोन बघायला एक गुण्या आणि कडेला समांतर रेघ ओढायला एक मार्किंग गेज, एवढं घ्यायला एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. तुम्ही मला दिलेली तुमची जुनी पट्टी कापडी पिशवीत बरोबर नेली होती. ती दाखवून म्हणणार होते, अशीच द्या, पण नवी.

दुकानदार चाळिशीचा, कानाला फोन चिकटलेला. त्याने तुमची पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "थांब जरा." मग नवी पट्टी काढून त्याने दोन्ही काउंटरवर शेजारीशेजारी ठेवल्या, डावी टोकं जुळवून. सुरुवातीला दोन्हींच्या रेघा जोडीने चालल्या होत्या. शंभरापाशी तुमची रेघ मिलिमीटरभर पुढे गेली होती. शेवटच्या टोकाला सहाशेपाशी बघितलं तर चांगल्या सहा मिलिमीटरचा फरक. मी म्हटलं, तुमची नवी पट्टी चुकीची आहे. तो हसला. "मॅडम, नवी बरोबर हाय. तुमची ही पॅटर्नवाल्यांची हाय. हिच्यावर फर्निचर करत्यात व्हय कोनी?" आणि त्याने मला समजावलं. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, शंभराला साधारण एक. म्हणून साचा घडवायला जो लाकडी नमुना करतात तो तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून नमुने करणारे लोक मुद्दाम ताणलेल्या मापाची पट्टी वापरतात. पट्टीवर लिहिलेलं असतं शंभर, असतं एकशेएक. अर्धी हयात फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये असलेच नमुने करण्यात काढलेल्या माणसाच्या मुलीला हे परक्या दुकानदाराकडून कळावं लागलं.

तरी मी तुमची बाजू घेत होते, हे ध्यानात घ्या. मी त्याला म्हटलं, वडिलांकडून चुकून पट्टी बदलली गेली असेल. दोन पट्ट्या असतील, घाईत नको ती दिली असेल. त्याने खालच्या खणातून तसलीच एक जुनी पट्टी काढली. "आता हिला गिऱ्हाईक न्हाई, पडून हाय." तिच्या डाव्या टोकाला बारीक अक्षरांत छापलेलं होतं, एकास शंभर. तुमच्या पट्टीवर नेमकं त्याच जागी कानशीने घासल्याची चकचकीत खूण आहे. मी दोन्ही टोकं परत परत बघितली. तुमची बाजू घेण्यासारखं मग काही राहिलं नाही.

ती पट्टी तुम्ही मला दिलीत तो दिवस स्वच्छ आठवतो. फाउंड्रीतलं पॅटर्न शॉप बंद पडून तुम्ही गावी, कोल्हारला परत आला होता आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून दारं, खिडक्या, टेबलं करत होता. माझी परीक्षा संपली होती. मला पुढे शिकायचं नव्हतं, शेडमध्ये यायचं होतं, आणि तसं मी जेवताना सांगून टाकलं. आईने तोंड वाकडं केलं. भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत, आणि तुमचं न बोलणं म्हणजे होकार असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर मांडी घातलीत आणि रुमाल सोडून पट्टी माझ्या हातात दिलीत. "ही माजी. शॉपात रोज हातात असायची. आता तुजी." मी त्या घासलेल्या जागेवर बोट फिरवून विचारलं, हे काय? "कंपनीचा नंबर हुता. उगा कोनी म्हनाय नको, माल घरी आनला म्हनून." मला तर तुमच्या सचोटीचं कौतुकच वाटलं. मग उठताउठता तुम्ही म्हणालात, "एक ध्यानात ठिव. ह्याच पट्टीनं आखायचं. टेपाचं टोक हलतं. दुसरी पट्टी मधी आनायची न्हाई, मापात घोळ व्हतो." हा सल्ला खरा आहे, नाना. कुठलाही चांगला कारागीर हेच सांगेल. म्हणून तर तो मला खोटा वाटला नाही. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती आणि आपल्या दोघांकडे बघत होती, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे.

एका डॉक्टरांचं टेबल अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही वाकून टेबलात ड्रॉवरसाठी सोडलेला खण मोजता आणि माप ओरडता, मी तिकडे फळीवर आखते. तुमच्या हातात टेप, माझ्या हातात पट्टी. टेपाचं टोक फक्त माझ्यापुरतंच हलत असणार. "चारशे," तुम्ही म्हणता. मी श्वास रोखून चारशे आखते, पेन्सिल बाजूला ठेवून अणकुचीदार सुरीने, तुम्ही शिकवलं तसं. माझे तिन्ही ड्रॉवर तयार होतात आणि त्यातला एकही आत जात नाही. डॉक्टर समोर खुर्चीवर बसून चहा पिताहेत. तुम्ही ड्रॉवर खणाला लावता, बाहेर राहिलेल्या कडेवर अंगठा ठेवता. मी तुमच्या तोंडाकडे बघते आहे, काय चुकलं ते कळावं म्हणून. चारशेवर चार मिलिमीटर. शंभराला एक. तुमच्याइतकं ते गणित अख्ख्या कोल्हारात कुणाला येत नव्हतं. आणि तुम्ही डॉक्टरांकडे वळून हसता. "हात जड हाय पोरीचा. लाकडातलं न्हाई जमायचं तिला." मग रंधा घेऊन दोन्ही बाजू तासता आणि ड्रॉवर आत सरकतो. डॉक्टर म्हणतात, असू द्या, शिकेल हळूहळू. तुम्ही पुढचा ड्रॉवर उचलता.

त्या उन्हाळ्यात माझं एकही काम दुसऱ्याच्या कामात बसलं नाही. फडताळाची फळी खाचेत गेली नाही. खिडकीचं दार चौकटीला अडलं. एका तसबिरीची चौकट केली तर काच त्यात खुळखुळायला लागली, आणि मी लोणी गावच्या काचवाल्याशी दुकानात उभी राहून भांडले, की काच लहान कापलीस. तो बिचारा टेप लावून दाखवत होता, "बाई, माप बराबर हाय माजं." मी त्याला लबाड म्हणाले. घरी आल्यावर हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याचं कशाला चुकंल?" एवढंच. मी चिडून आणखी काळजीपूर्वक काम करायला लागले, आणि जितकी काळजी घेतली तितकी ती चूक नेमकी होत गेली. शेवटी एक दिवस मी पट्टी रुमालात गुंडाळून ट्रंकेत टाकली आणि तुम्हाला म्हटलं, मी डी.एड. करते. तुम्ही पेढे आणलेत. आपली मुलगी शहाणी आहे, तिचं तिला कळलं, असं शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं.

पुढे मिळालेल्या शिक्षिकेच्या नोकरीने मला संगमनेरात घर दिलं, पेन्शन दिली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांवर जीपने जाऊन मी पोरांना शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तुम्ही उगाच ते पुढे करू नका. माझी तक्रार हाताबद्दल आहे. वर्गात फळा टांगायचा असला की मी शिपायाला मोजायला लावायची. पडद्याचं कापड घ्यायचं तर नवऱ्याला सांगायची, तुम्ही माप घ्या, माझं चुकतं. भूमितीच्या तासाला फळ्यावर आकृती काढून झाली, की एखाद्या पोराला बोलावून तपासून घ्यायची. बाई नम्र आहेत असं लोकांना वाटायचं. नम्र कसली, मला माझ्या हाताचा भरवसाच नव्हता. तो कुणी काढून घेतला हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

परत येताना मी कोल्हारला उतरले. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तिच्या माठाखाली अजून तो चौरंग आहे, मी त्या उन्हाळ्यात केलेला. तेवढाच चांगला झाला होता, कारण तो कशात बसवायचा नव्हता. मी माठ उचलून खाली ठेवला, नवी पट्टी काढली आणि फरशीवर गुडघे टेकून चौरंग मोजला. बाजू चारशेची आखली होती. चारशे चार भरली. दुसरी चारशे चार. तिसरी आणि चौथीही तेवढीच, केसभर इकडेतिकडे नाही. नवा गुण्या चारी कोपऱ्यांना लावला, कुठे उजेड दिसला नाही. बारावी झालेल्या पोरीने पहिल्यांदा केलेला चौरंग. मी तिथेच बसून रडले. आईला वाटलं, माझं काही दुखतं आहे.

तिला पट्टी दाखवली, घासलेली जागा दाखवली, दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "आता कशाला उकरून काढती? किती वरसं झाली त्यानला जाऊन." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" "मला पट्टीतलं काय कळतंय? त्यानी येवढंच सांगितलं हुतं, की दोन महिने जाऊ दे, पोरगी आपोआप कंटाळंल." "पण मला सरळ सांगायचं ना, नको म्हणून." आईने पहिल्यांदा वर बघितलं. "मी बी तेच म्हनले हुते. तर म्हनले, मी न्हाई म्हनलो तर ती रुसंल माज्यावर. जलमभर म्हनंल, बापानं न्हाई शिकू दिलं. आपल्या मनानं सोडलं तर बरं. लई जीव हुता त्यांचा तुज्यावर." ती हे तुमच्या बाजूने सांगत होती. मी माठ परत चौरंगावर ठेवला आणि चहा न घेता निघाले.

म्हणजे मी तुमच्यावर रुसू नये म्हणून तुम्ही मला माझ्यावर रुसायला लावलंत. दुसरी कुठलीही पट्टी, शाळेतल्या कंपासपेटीतली सहा इंची जरी मी एकदा शेजारी ठेवली असती, तरी तुम्ही पकडले गेला असता. घरात कंपासपेटी होती. पण मी ती ठेवणार नाही याची तुम्हाला खात्री होती. मी तुमच्या शब्दाबाहेर जात नाही, याच एका गोष्टीवर तुम्ही सगळं रचलंत, आणि गिऱ्हाइकासमोर मला हसलात. ते हसणं मी विसरू शकत नाही. बाकीचं कदाचित विसरेन.

बसमध्ये खिडकीपाशी बसून मी तुमच्याशी संगमनेरपर्यंत भांडले. मनातल्या मनातच, पण शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. सरळ नाही म्हणायचं होतंत, मी तुम्हाला सुनावत होते. मग बघितलं असतंत माझं रूप. मी आदळआपट केली असती, जेवण सोडलं असतं, मामाकडे निघून गेले असते, पण शेड सोडली नसती. तुम्ही मला घाबरलात आणि बरोबरच घाबरलात. असं बरंच काही. घरी येऊन हेच सगळं नीट लिहून काढायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि आईलाही वाचून दाखवायचं नाही, त्यामुळे इथे तरी फुशारकी कशाला मारू? मी जेवण सोडलं नसतं, नाना. मामाकडेही गेले नसते. तुम्ही त्या सकाळी समोर बसून नुसतं "नको पोरी" म्हणाला असतात, तर मी बरं म्हणाले असते आणि आईला भाकरी थापू लागले असते.